मागच्या दारची धुण्याची जागा नव्यानं करायचीय, मशीन, दगड, पाणी सगळंच विचारायचंय

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. सासऱ्यांनी बांधलेलं जुनं बैठं घर आहे, मागच्या दाराला न्हाणीच्या भिंतीला लागून साधारण ९ बाय ६ फुटांची धुण्याची जागा आहे. वर पत्रा, खाली शहाबादी, ती ठिकठिकाणी खचलीय आणि पाणी साचून राहतंय. एका कोपऱ्यात जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात सासूबाईंचा धुण्याचा दगड, मधे टब, बादल्या, ड्रम, आणि मशीनची वायर खिडकीतून आत घेतलेली. पावसाळ्यात तिथं उभं राहायचं म्हणजे भीती वाटते. दिवाळीच्या आत सगळं नीट करून घ्यायचंय, सव्वा लाखापर्यंत खर्च करायची तयारी आहे, मशीनचे पैसे वेगळे.
मिस्त्री म्हणतोय दगड काढून टाका, सगळीकडं टाइल मारू आणि नवं मशीन गच्चीवर न्या, खाली कपडे वाळवायला जागा होईल. सासूबाईंना दगड पाहिजेच आहे. मिस्टर म्हणतायत फ्रंट लोड घेऊ. नळाला रोज पाणी येत नाही, येईल तेव्हा जमिनीतला हौद भरून घेतो आणि गच्चीवरच्या टाकीत चढवतो, बाकी बोअर आहे पण त्याचं पाणी खारट. कुठून सुरुवात करावी तेच कळंना गेलंय. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

गोदावरीकर (नांदेड)
ताई, दगड काढू नका. आधी हे सांगतो मग बाकीचं. मशीन कितीही मोठं घेतलं तरी दसरा काढायच्या वेळी वाकळा, गोधड्या, चादरी, सतरंज्या कुठं धुणार? वाकळ भिजली की दोघांना उचलत नाही, ती मशीनच्या ड्रममधे कोंबली तर बेअरिंग जातंय. आमच्याकडं आधी गोदावरीवर न्यायचे, आता नदीवर कोण जातंय, सगळं घरीच. आमच्या भावजयीनं टाइल मारून चकाचक खोली केली आणि आता दसऱ्याला अंगणातल्या रस्त्यावर बसून गोधड्या धुवायलेत.
तुमच्या सासूबाई बरोबर बोलायल्यात.

सिडकोवाला (छ. संभाजीनगर)
गोदावरीकर भाऊ दगडाचं पटलं, पण मशीनचं आधी ठरवावं लागेल कारण त्याच्यावर पाइप, प्लग, ड्रेन सगळं अवलंबून आहे. ताई पाण्याचा हिशोब बघा. ७ किलोचं फ्रंट लोड एका घाण्याला साधारण ५० ते ७० लिटर पाणी घेतं, फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड १०० ते १५० पर्यंत जातं, प्रोग्रॅमवर आणि मशीनवर आहे ते. आपल्याकडं जिथं पाणी मोजून वापरावं लागतं तिथं हा फरक लय मोठा आहे.
पण एक गोष्ट दुकानवाला सांगत नाही. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी म्हणजे टाकीचा तळ जमिनीपासून जेमतेम ११-१२ फूट, मशीनचा नळ ३ फुटांवर, म्हणजे मधे राहिले ८-९ फूट. १० मीटर उंचीला एक किलो प्रेशर धरतात, त्या हिशोबानं तुमच्याकडं पाव किलोच्या आसपासच मिळणार. बऱ्याच फ्रंट लोडला कमीत कमी ०.३ ते ०.५ लागतं, मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं, घ्यायच्या आधी बघूनच घ्या. प्रेशर कमी पडलं की मशीन पाणी भरत बसतं आणि शेवटी एरर दाखवून थांबतं, मग लोक म्हणतात मशीन खराब निघालं. आणि गच्चीवर टाकीच्या शेजारी मशीन ठेवलं तर प्रेशर अजूनच कमी, जवळपास शून्यच, तुमच्या मिस्त्रीनं याचा विचार केलेला दिसत नाही.

मांजराकाठ (लातूर)
@सिडकोवाला दादा हे प्रेशरचं कुणीच सांगितलं नव्हतं. मग टाकी उंच करायची का पंप बसवायचा? आणि टॉप लोडला पण हाच प्रॉब्लेम येतो का?

सिडकोवाला (छ. संभाजीनगर)
टॉप लोडला पण येतो, काही मॉडेल कमी प्रेशरवर चालतात, ते विचारून घ्यायचं. टाकीखाली ४-५ फुटाचं लोखंडी स्टँड किंवा विटांचा पक्का ओटा केला तर बरंच काम होतं, त्यासोबत टाकीपासून खाली येणारी लाइन १ इंचीच ठेवा, मशीनजवळ येऊन मग बारीक करा. एल्बो जितके कमी तितकं बरं. पण १००० लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं, ते भिंतीवर किंवा कॉलमवर आलं पाहिजे, नुसत्या स्लॅबच्या मधोमध नको. हे जमत नसेल तर त्या एका लाइनला छोटा प्रेशर पंप बसवायचा.

काळी_माती (परभणी)
मी बांधकामातला माणूस आहे, म्हणून फरशी कामून खचली त्याच्यावर बोलतो, कारण ते न बघता वरून टाइल मारली तर परत खचणार.
आपली काळी माती पाणी पिली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. धुण्याच्या जागेत तर वर्षभर पाणी मुरतंय, म्हणजे घराच्या एका बाजूची माती ओली आणि दुसरीकडची कोरडी, फरशी हलते, पाइपाचे जॉइंट सुटतात, ते पाणी परत मातीत, असं चक्र चालूच राहतं. भिंतीला तिरप्या भेगा पडल्यात का तेही बघून घ्या ताई.
तिथली माती निदान दीड-दोन फूट काढा, जमलं तर जास्त. मुरूम आणा, ६-६ इंचाचे थर टाका, प्रत्येक थर पाणी मारून धुमसानं ठोकून घ्या, एकदम सगळा मुरूम ओतून वरून पाणी सोडलं की झालं असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. त्याच्यावर ४ इंच पीसीसी म्हणजे साधं सळई नसलेलं काँक्रीट, मग वॉटरप्रूफिंग, मग फरशी. आणि ही नवी फरशी घराच्या जोत्याशी घट्ट जोडू नका, मधे अर्धा इंच सांधा सोडून त्यात लवचिक सीलंट भरा, दोन्ही वेगवेगळे हलतात, जोडले तर भेग पडणारच.
उतार दर फुटाला पाव इंच धरा. तुमची ९ फुटाची लांबी आहे, म्हणजे सव्वादोन इंचाचा फरक आला पाहिजे. मिस्त्री अंदाजानं करतात आणि पाणी नेमकं मशीनच्या पायाशी साचतं, लेव्हल ट्यूब लावून दोरी मारूनच घ्या. नहाणी ट्रॅप ४ इंची, त्यात २ इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे म्हणजे वास आणि झुरळं येत नाहीत. मशीनच्या ड्रेनचा पाइप फरशीवर मोकळा सोडू नका, फेस सगळीकडं पसरतो. भिंतीत दोन-अडीच फूट उंचीचा उभा पाइप घ्या, त्याला खाली ट्रॅप, आणि मशीनचा होज त्याच्यात वरून सोडा, पण घट्ट कोंबून चिकटवायचा नाही, हवा खेळली पाहिजे नाहीतर मशीनमधलं पाणी आपोआप ओढलं जातं. टॉप लोड घेतलं तर त्याला ड्रेन पंप आहे का आधी विचारा, काहींचं पाणी नुसतं खाली पडतं, त्यांना उभा पाइप चालत नाही.

वायरमन_बीड
लाइटचं मी सांगतो. खिडकीतून घेतलेली वायर आजच्या आज बंद करा ताई, दिवाळीची वाट बघू नका. ओल्या फरशीवर अनवाणी माणूस उभा आहे आणि मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर फार वाईट होतं.
मेन बोर्डापासून मशीनसाठी वेगळी लाइन, अडीच स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, अंतर जास्त असेल तर चारची. १६ अँपिअरचा सॉकेट, जमिनीपासून ४ फूट वर, झाकणवाला. नळाच्या बरोबर खाली कधीच नाही. एमसीबी तर लागतोच, पण खरं जीव वाचवणारं आरसीसीबी असतं, करंट कुठं गळला की लगेच लाइट तोडणारं, ३० मिलीअँपिअरचं. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतं, दोन्ही पाहिजेत.
आणि अर्थिंग. आपल्याकडं निम्म्या जुन्या घरात अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथं नुसती लटकलेली असते. काही जण नळाच्या पाइपला बांधतात, आता ते पाइप प्लॅस्टिकचे झालेत, त्याचा शून्य उपयोग आहे. न्यूट्रलला जोडणारे पण बघितलेत, ते तर अजून धोक्याचं. वेगळा अर्थिंगचा खड्डा करा, उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून खड्ड्याला पाणी घालायचा पाइप वर ठेवा आणि मार्च ते जून पाणी घालत जा. तुमच्या कामात खोदकाम होणारच आहे, त्याच्यातच हे उरकून जाईल.

अंबाजोगाईची_काकू
पोरी, सगळे मशीनचं बोलायलेत म्हणून मी दगडाचं बोलते. सासूबाईचं वय किती, गुडघे कसे आहेत? दगड ठेवायचा पण जमिनीवर ठेवायचा का वर घ्यायचा हे त्यांना विचार. माझ्याकडं दोन्ही आहे. रोजचे बारीक कपडे, कॉलर, शाळेचे पांढरे मोजे हे घासायला अडीच फुटाचा कडप्प्याचा ओटा बांधून त्याच्यावर जुनाच दगड बसवला, थोडा पुढं उतरता, कडेला पट्टी म्हणजे पाणी अंगावर येत नाही, उभं राहून काम होतं. आणि त्याच्या खाली नाही, बाजूला, ४ बाय ३ चा उथळ हौद, खोली एक वीतभर, त्यात वाकळ टाकून पायानं तुडवायची. बूच काढलं की पाणी जातं. एरवी त्याच्यात बादल्या, टब राहतात, जागा वाया जात नाही.
आणि पकडायला भिंतीला एक स्टीलचा दांडा लावून घे. ओल्या दगडावरून उठताना हाताला काहीतरी लागतंच.
मशीन गच्चीवर अजिबात नको. ओले कपडे वर न्यायचे का खाली आणायचे, त्या जिन्यानं कोण चढणार? काम करणारी बाई आली तर तिला पण त्रास. आणि मे महिन्यातलं आपलं ऊन ४२-४३ च्या पुढं जातं, पत्र्याखाली ते मशीन भाजून निघेल.

मांजराकाठ (लातूर)
काकू, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "ह्या बाईला कळतंय". गुडघे दुखतात त्यांचे, पण सांगत नाहीत कुणाला. उथळ हौदाची कल्पना फार म्हणजे फारच आवडली. गच्ची रद्द.
@काळी_माती भिंतीला न्हाणीच्या बाजूनं तिरपी भेग आहे, दोन पावसाळ्यांपासून दिसतेय. आता कळलं कशामुळं.

काळी_माती (परभणी)
मग आधी न्हाणीचा आणि धुण्याचा ड्रेन तपासा, कुठंतरी जॉइंट सुटलेला असणार. ते बंद केल्याशिवाय भेग भरू नका. भेगेवर पेन्सिलीनं दोन खुणा करून तारीख टाकून ठेवा, वाढतेय का ते कळतं. वाढत असेल तर इंजिनीअरला प्रत्यक्ष दाखवा, इथं विचारून भागायचं नाही.

कर्दळी (जालना)
उशिरा वाचतेय पण एक विषय कुणी काढलाच नाही, धुण्याचं पाणी जातं कुठं? सध्या गटारीत का अंगणात? जालन्यात राहून मला तरी वापरलेलं पाणी सोडून द्यायला जिवावर येतं, आणि तुम्ही तर लातूरच्या, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तुम्ही हे सगळं भोगलंय, मला सांगायची गरज नाही.
फरशी उखडलेलीच आहे तर ड्रेनचे दोन पाइप करा. पहिलं साबणाचं पाणी एकीकडं, खंगाळलेलं पाणी दुसरीकडं. मशीनच्या होजला खाली दोन व्हॉल्व्ह लावून हे करता येतं, खंगाळायच्या वेळी व्हॉल्व्ह फिरवायचा. खंगाळलेलं पाणी ड्रममधे घेऊन फरशी पुसायला, संडासात टाकायला, पायऱ्या धुवायला, दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांच्या भिजवणीला पण चालतं. एक दिवसाच्या वर साठवायचं नाही, वास सुटतो आणि डास होतात.
पहिलं साबणाचं पाणी झाडांना सरसकट घालू नका, विशेषतः काळ्या मातीत. पावडरमधे सोडा असतो, त्यातलं सोडियम मातीत साचलं की आपली चिकण माती अजून बंद होते, पाणी खाली उतरत नाही आणि वरचा थर कडक होतो. कर्दळ, केळ, अळू बऱ्यापैकी सोसतात. माझ्याकडं कर्दळीचा वाफा आहे त्यातून जाऊन मग शोषखड्ड्यात पाणी जातं.

मांजराकाठ (लातूर)
सध्या अंगणातून चारी काढून गटारीत सोडलंय. शोषखड्डा करायचा विचार होता पण शेजारी म्हणाले काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, तुडुंब भरून राहतो. खरं आहे का?

गोदावरीकर (नांदेड)
नुसत्या काळ्या मातीत चालत नाही हे खरं, मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. मुरूम लागला की पाणी जिरतं. आमच्या जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे, तिथं घरोघर शोषखड्डे केले आणि उघड्या गटारी बंद झाल्या, डास कमी झाले, लोक बाहेरून बघायला यायचे. ४ बाय ४ बाय ४ चा खड्डा, आत भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण. टाकीत पाणी यायच्या आधी एक छोटा चेंबर ठेवा, त्यात कपड्यांचा धागा, केस, साबणाचा गाळ अडकतो आणि तो अधूनमधून काढता येतो. शोषखड्डे बंद पडतात ते ह्या गाळानं, मातीवर उगीच खापर फोडतात.
फक्त घराच्या भिंतीपासून लांब घ्या, १० फूट तरी, आणि बोअरपासून अजून लांब. तुमच्या भिंतीला आधीच भेग आहे.

सिडकोवाला (छ. संभाजीनगर)
बोअरच्या पाण्याचं राहिलं. ताई ते पाणी एकदा तपासून घ्या, टोटल हार्डनेस म्हणून आकडा येतो. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम पर लिटर चांगलं धरतात, दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी कधीकधी त्याच्याही वर जातं. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावडर जास्त लागते, पांढरे कपडे राखट होतात आणि फ्रंट लोडच्या हीटरवर पांढरा थर बसतो.
सॉफ्टनर लावा म्हणून दुकानदार मागं लागतील. पण त्याला दर काही दिवसांनी मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं, त्यात पाणी वाया जातं आणि ते खारं पाणी झाडाला पण चालत नाही. पाण्याची एवढी टंचाई असताना मला ते पटत नाही. त्यापेक्षा मशीनजवळ दोन नळ घ्या, एक नळाच्या पाण्याच्या टाकीचा, एक बोअरचा. मशीनला नळाचं पाणी, दगडावर आणि वाकळा धुवायच्या उथळ हौदात बोअरचं. दोन्ही लाइन एकमेकींना जोडू नका, वेगवेगळ्याच ठेवा, एवढं प्लंबरला बजावून सांगा.
बोअरचंच वापरायची वेळ आली तर पावडर थोडी वाढवा, आणि अधूनमधून लिंबूसत्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा, थर सुटतो. मशीनच्या मागं पाइप जोडतात तिथं बारीक जाळी असते, ती पण काढून घासायची.

रोहिणी_नक्षत्र (धाराशिव)
फ्रंट लोडवरच सगळ्यांचा जोर आहे म्हणून दुसरी बाजू सांगते. आमच्याकडं सेमी-ऑटोमॅटिकच आहे आणि आम्ही मुद्दाम तेच परत घेतलं. टंचाईत एकच साबणाचं पाणी तीन घाण्यांना वापरता येतं, आधी पांढरे, मग रंगीत, मग शेतातले कपडे. प्रेशरची भानगड नाही, बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं. लाइट गेली तर मधेच दार लॉक होऊन बसत नाही. शेतातून आलेल्या कपड्यांना काळी माती चिकटलेली असते, ती आधी झटकून दगडावर काढावीच लागते. हात जास्त लागतो हे खरं, आणि नोकरी करणाऱ्या बाईला एवढा वेळ कुठून आणायचा हेही खरं. ताई तुम्ही नोकरी करता का त्याच्यावर ठरवा.

मांजराकाठ (लातूर)
रोहिणीताई, मी शाळेत आहे, सकाळी सातला निघते. मिस्टर पण बाहेर. त्यामुळं बटण दाबून जाता आलं पाहिजे ही माझी गरज आहे आणि ती मी सोडणार नाही. पण जुनं सेमी विकणार होते ते आता ठेवणार, हौदाच्या शेजारी. टंचाईत कामाला येईल.
ठरलं असं की फ्रंट लोड, कमी प्रेशरवर चालणारं मिळालं तर ठीक, नाहीतर टाकीखाली स्टँड, खालचं बांधकाम बघून. वरच्या पत्र्याचं काय करू तेवढं सांगा. उन्हाळ्यात खाली उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो.

अंबाजोगाईची_काकू
पत्रा साडेनऊ-दहा फुटावर उचलून घे, समोरच्या भिंतीला वरच्या अर्ध्या भागात सिमेंटच्या जाळ्या लाव, हवा आरपार गेली पाहिजे. पश्चिमेची बाजू मात्र बंद ठेव, ऊन तिकडूनच येतं. एक पट्टा पांढऱ्या पारदर्शक शीटचा टाक म्हणजे दिवसा लाइट लावावी लागत नाही. आणि छताला दोरीनं खालीवर होणारे स्टीलचे दांडे मिळतात ते लाव, एकेक दांडा वेगळा खाली येतो, सासूबाईंना हात वर करावा लागत नाही.

काळी_माती (परभणी)
फरशीला गुळगुळीत टाइल नको. कोटा फरशी लावा, पॉलिश न करता, किंवा खरबरीत टाइल. भिंतीला साडेतीन-चार फुटापर्यंत टाइल पुरे, वर नुसता रंग. वॉटरप्रूफिंग भिंतीवर एक फूट वर चढवून घ्या, कोपऱ्यात गोलाई द्या, गळती कोपऱ्यातनंच सुरू होते.
आणि एवढं करून घ्याच ताई. वॉटरप्रूफिंग झालं की फरशी बसवायच्या आधी ट्रॅपला बूच मारून दोन इंच पाणी भरून २४ तास ठेवा, कडेला खूण करा. मिस्त्री म्हणेल कशाला वेळ घालवता, तरी ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरंच खाली गेलं किंवा बाहेरून भिंत ओली दिसली तर तिथंच दुरुस्ती करून परत भरा. त्या दिवशी बोअरचंच पाणी वापरा, आणि झाल्यावर ते बादल्यांनी काढून मुरमावर मारायला ठेवा, शोषखड्ड्याच्या कामाला लागेल.

मांजराकाठ (लातूर)
खूप खूप आभार सगळ्यांचे. मिस्त्रीला उद्या बोलावलंय, हा धागाच वाचायला देते. वायरमन दादा, खिडकीतली वायर काल काढली, तात्पुरतं आतल्या न्हाणीजवळच्या प्लगवर घेतलंय, आरसीसीबी बसवायला माणूस येतोय. ड्रेनचे दोन व्हॉल्व्ह कोणत्या साइजचे घ्यायचे, कर्दळीताई?

कर्दळी (जालना)
दीड इंची पीव्हीसीचे बॉल व्हॉल्व्ह, त्याच्यापेक्षा बारीक नको, धागे अडकतात. आणि हाताशी येतील असे बसवा, मशीनच्या मागं गेले तर कुणी फिरवत नाही.